आवाज मेलेल्या खोलीत

पहिल्यांदा तो बोलला, तेव्हा त्याचा आवाज कुठूनच आला नाही.

म्हणजे मागून नाही, पुढून नाही, भिंतीवर आपटून तर नाहीच... कुणीतरी शब्द उचलून थेट माझ्या कानाशी ठेवावेत, तसा.

"इथं एकट्यानं बसायचं नसतं ना?"

माझ्या हातातला मायक्रोफोन पडता पडता राहिला. खोलीत मिट्ट काळोख होता. दिव्यांची बारीक गुणगुण मापनात येते, म्हणून आम्ही दिवे घालवून बसतो. पायाखालची तारेची जाळी किंचित हलली. कुणीतरी चालत माझ्याकडे येत होतं – आणि पावलं ऐकू येत नव्हती.

"कोण आहे?"

"ज्ञानदेव गव्हाणे. भोसरीच्या प्लांटवरून बदलून आलोय. दार नीट लागलेलं नव्हतं, मॅडम."

मी चाचपडत दिव्याचं बटण दाबलं. समोर एक उंच, सावळा मुलगा, एका हातानं जाळीच्या कठड्याला धरून उभा. घाबरलेला तो होता की मी, ते आम्हां दोघांनाही ठरवता आलं नाही. कारण त्या क्षणी मला कुणाच्या तरी काळजाचे ठोके स्पष्ट ऐकू येत होते. ते माझेच होते. निदान तसं मी स्वतःला सांगितलं.

आमच्या कंपनीची ही ध्वनी प्रयोगशाळा चाकणच्या पुढे, एका लांबलचक शेडच्या टोकाला आहे. या खोलीच्या सगळ्या भिंतींना, छताला आणि जाळीखालच्या जमिनीलाही फोमचे हातभर लांब सुळे लावलेत. आवाज त्यांच्यात शिरतो आणि परत येत नाही. टाळी वाजवली तर ती तळहातावरच विझते. बाहेर पत्र्यावर भाद्रपदातली रिपरिप चालू असायची. जाडजूड दार ओढून घेतलं की पाऊस जणू कधी नव्हताच. थोडा वेळ गेला की आधी स्वतःचं हृदय ऐकू येतं, मग गिळलेला आवंढा, मग रक्ताची सळसळ. काही जण लगेच घाम पुसत बाहेर येतात. म्हणूनच नियम आहे की, दार लावून आत एकट्यानं थांबायचं नाही. त्या दिवशी माझी जोडीदार रजेवर होती, आणि मी नियम मोडला होता.

"मग आता जोडीला तुम्ही," मी म्हटलं. आवाज शक्य तितका अधिकाराचा ठेवून.

"चालतंय की," तो म्हणाला. "फक्त एक सांगा... हे दारावर काय लिहिलंय? आधी ते वाचलं आणि मग आत यावं की नको, याचाच विचार करत होतो."

दारावर जर्मन पाटी होती. जर्मनीतल्या मुख्य कंपनीनं खोलीबरोबरच पाठवलेली. शालटोटर राउम.

"शाल म्हणजे ध्वनी. राउम म्हणजे खोली. आणि टोट म्हणजे मृत."

"आवाज मेलेली खोली." त्यानं हळूच भोवती पाहिलं. "बरं झालं, आत आल्यावर विचारलं."

*

मी स्वरूपा. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आमचं घराणं लातूरकडचं. बाबा कारखान्यात लागले तेव्हापासून सांगवीत. दर शनिवारी मी चिंचवडला जर्मनच्या वर्गाला जायची. कारण साधं होतं. ही नवी खोली निर्दोष आहे, हे दिवाळीच्या आत सिद्ध करून दाखवलं, तर मुख्य कंपनीच्या ध्वनिशाळेत मला दोन वर्षं काम करायला मिळणार होतं. त्यासाठीच मी शिकले होते. त्याशिवाय दुसरं काही मला हवं आहे, असं तोवर वाटलं नव्हतं.

ज्ञानदेव डिप्लोमा झालेला, निघोज्याचा. मापनाआधी खोली निवावी म्हणून आम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहायचो, तेव्हा मी शब्द पाठ करत असे.

"टोटर..." एकदा तो अचानक म्हणाला. "हा शब्द मला माहीत आहे. भोसरीला प्रेसवर जायच्या आधी निर्यातीच्या गाड्यांवर मी स्टिकर चिकटवायचो. टोटर विंकेल."

"मृत कोन. ड्रायव्हरला आरशात न दिसणारी जागा."

"म्हणजे तिथला माणूस मेला, असं?"

"अजून नाही. पण उभा राहिला तर मरेल."

तो हसला. हसताना तो मान जराशी डावीकडे कलवायचा. हे मी कधी टिपून ठेवलं, कोण जाणे.

"पण तुम्ही काल टोटे म्हणत होता. आणि परवा टोटेन."

"विशेषण चालवावं लागतं. आइन टोटर विंकेल, एक मृत कोन. डेर टोटे विंकेल, तो मृत कोन. इम टोटेन विंकेल, मृत कोनात."

"मेलेल्यालाही चालवतात?"

"ऐका तर! पुढे डेर आला की नाम पुल्लिंगी आहे, हे तोच सांगून टाकतो. मग विशेषणाला फार काही बोलावं लागत नाही, नुसतं ए लावून गप्प बसतं. आइन मात्र काही सांगत नाही, तेव्हा विशेषणालाच पुढे होऊन अर लावून सांगावं लागतं."

त्यानं गंभीरपणे मान हलवली. "आमच्या घरातही तसंच. आई बोलायला लागली की आम्ही सगळे ए."

मला हसू आवरेना. मग मी त्याला सांगितलं की मराठीतही हे होतंच – मेला, मेली, मेलं, मेल्या.

"ते तर मी रोज ऐकतो. 'मेल्या, जेवून जा की.'"

"जर्मन आई असं म्हणत नसेल."

"मग त्या पोरांचे हाल असणार." माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "तुम्ही कुणाला म्हणता का... मेल्या?"

"अजून नाही," मी म्हटलं, आणि उगाचच पुस्तकाचं पान उलटलं.

त्या शब्दाचं मूळ मी त्याला सांगितलं तो दिवस मात्र वेगळा होता. फार पूर्वी त्या भाषांमध्ये 'मरणं' या अर्थाचं एक क्रियापद होतं. टोट हे त्याचं कृदन्त, आपल्या 'मृत'सारखंच. पुढे जर्मनमध्ये ते क्रियापद नाहीसं झालं, त्याच्या जागी दुसरंच आलं. जुन्या क्रियापदाचं हे एवढंच विशेषण उरलं.

"म्हणजे मरणारा गेला," तो सावकाश म्हणाला, "आणि त्याचं मेलेपण तेवढं मागे राहिलं."

बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं. तरीही माझ्या अंगावर काटा आला.

*

शिखर पहिल्यांदा दिसलं ते त्याच आठवड्यात.

खोलीच्या मधोमध स्टँडवर एक कृत्रिम डोकं बसवलेलं असतं. राखाडी, गुळगुळीत. डोळे नाहीत, ओठ नाहीत. कान मात्र हुबेहूब, मऊ रबराचे, आणि आत मायक्रोफोन. माणसाला जसं ऐकू येईल तसं ते ऐकतं. शेडमध्ये सगळे त्याला 'मुंडी' म्हणतात. मी रात्रभर निवलेल्या खोलीतली शांतता मुंडीच्या कानांनी मोजली. आलेख सपाट यायला हवा होता. डाव्या कानात, सोळाशे हर्ट्झच्या जरा वर, एक बारीक टोकदार शिखर उभं होतं.

शिट्टीसारखं. कुणीतरी श्वास रोखून, एकाच सुरात...

मी पंखे बंद केले. मोबाइल बाहेर ठेवले. केबल बदलली. शिखर कधी असायचं, कधी नसायचं. आणि जेव्हा असायचं, तेव्हा डाव्याच कानात.

प्रयोगशाळाप्रमुख उद्धवरावांनी आलेख पाहिला, चष्मा काढला, परत लावला. "स्वरूपा, खोली बांधताना जमिनीत काही निघालं होतं का, ते विचारून घ्यायला पाहिजे."

"सर!"

"मी कुठं काय म्हणतोय? तू मोज."

दुसऱ्या दिवशी जाळीच्या कोपऱ्यात लिंबू-मिरची टांगलेली. मी ती काढली नाही. लिंबाआधी मोजलं, लिंबानंतर मोजलं. शिखर जागचं हललं नाही, हे उद्धवरावांना आलेखासकट दाखवलं. खंडेनवमीला सगळ्या मशिनी धुऊन हार घातले, तेव्हा पोरांनी मुंडीच्या कपाळावरही कुंकू लावलं. तो लाल ठिपका पुसूनही पूर्ण गेला नाही. तो डोळे नसलेला चेहरा आता कुणीतरी असल्यासारखा दिसायचा.

मग ती दुपार. ज्ञानदेव जेवायला गेला होता. मी बाहेरच्या टेबलापाशी हेडफोन लावून सकाळचं ध्वनिमुद्रण ऐकत होते. मुंडीनं ऐकलेलं हेडफोनवर ऐकलं की आपण तिच्या जागी बसल्याचा भास होतो. आवाज खूप वाढवला... आणि डाव्या बाजूला, अगदी गालाशी, कुणीतरी श्वास घेतला.

मी गर्रकन वळले. खुर्ची रिकामी होती.

पुन्हा ऐकलं. शांत, सावकाश श्वास. तो ज्ञानदेवचा होता. इतके दिवस शेजारी बसून मला तो पाठ झाला होता. आणि त्या श्वासाच्या खाली, तितक्याच जवळ, तो सूर. श्वास आत घेतला, तरी चालू. सोडला, तरी चालू. तोंडातून येणारा नव्हता तो.

मी हेडफोन काढले नाहीत. खरं सांगायचं तर काढावेसे वाटले नाहीत. भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या अगदी शेजारी बसून राहावंसंही वाटत होतं.

मुंडीच्या मानेतला केबलचा जोड सैल होता. त्या दिवशी जोडीला जो असेल, त्यानं डावीकडे बसून तो बोटांनी धरून ठेवायचा. ज्ञानदेव धरायचा तेव्हा त्याचं डोकं मुंडीच्या कानाला जवळजवळ लागलेलं असे. मी त्या दिवशी उद्धवरावांना तिथं बसवलं. सपाट. ज्ञानदेवला बसवलं. शिखर.

"हलू नका," मी अंधारात म्हटलं.

जाळीवरून चालत त्याच्यापाशी गेले. वाकले. माझा कान त्याच्या उजव्या कानाशी नेला, इतका की त्याच्या केसांचा स्पर्श झाला. माझं काळीज इतकं धडधडत होतं की आधी दुसरं काही ऐकूच येईना. मी श्वास धरला.

आणि आला. दूर रानात एखादा किडा ओरडावा तसा, सुईच्या टोकाएवढा सूर. त्याच्या कानातून बाहेर येणारा.

"मॅडम..." तो पुटपुटला. "काय करताय?"

"तुमच्या कानातून आवाज येतोय."

मला वाटलं होतं तो हसेल. मान डावीकडे कलवेल. पण त्याचा हात जोडावरून सुटला. दिवा लावला तेव्हा त्याचा चेहरा मुंडीइतकाच राखाडी झालेला होता.

"शिट्टीसारखा?" त्यानं विचारलं.

"हो, पण..."

तो उठला आणि बाहेर निघून गेला.

*

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही नाही.

सोमवारी मुख्य कंपनीचे तपासनीस येणार होते. उद्धवराव म्हणाले, "उगम सापडला ना? मग लिहून टाक, माणसाच्या कानातला आवाज. गव्हाणेला कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवू. कानात दोष निघाला तर या खोलीत ठेवता येणार नाही, हे उघड आहे. आणि भोसरीला प्रेसच्या गोंगाटात परत पाठवता येणार नाही, हेही उघड आहे."

म्हणजे त्याची नोकरी गेली असती. आणि न लिहिलं, तर माझी खोली नापास, कारण शिखर असलेले आलेख आधीच जर्मनीला गेले होते आणि त्याचा उगम सांगणं भाग होतं.

मी तोवर वाचायचं ते सगळं वाचून काढलं होतं. चिंचवडला एका कानाच्या डॉक्टरीणबाईंना गाठून तासभर छळलंही होतं. पण ज्याच्याविषयी सांगायचं, तो फोन उचलत नव्हता.

गुरुवारी मी स्कूटर काढली. गुरुवार म्हणजे आमच्याकडचा सुट्टीचा वार. रोज थरथरणारा रस्ता अगदी मुका पडला होता. बंद फाटकं, शिफ्टच्या वेळांचे रिकामे फलक, प्रेसच्या शेडमधून एकही ठोका नाही. वाटेत कुठं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. अख्खा पट्टाच जणू कुणीतरी फोमच्या सुळ्यांनी मढवून टाकला होता. मी उगाचच हॉर्न वाजवला.

निघोज्याला घराच्या ओट्यावर ज्ञानदेवची आई, कुशाबाई, शेंगा फोडत बसली होती. मी नाव सांगितलं.

"तूच व्हय ती? ये, बाय. बस." मग आवाज खाली आणून, "काय झालंय गं माझ्या पोराच्या कानाला? जेवत न्हाई, बोलत न्हाई. त्याच्या बापाचंबी असंच झालं व्हतं. आदी कानात शिट्टी वाजायची म्हनायचे. मंग हळूहळू समदं गपगार."

खाटेवर बसलेले त्याचे वडील, बबनराव, आमच्याकडे बघून नुसते हसले. तीस वर्षं फोर्जिंगच्या, तापलं लोखंड ठोकणाऱ्या हातोड्यापाशी काम केलेला माणूस. आता त्यांच्यापाशी कितीही मोठ्यानं बोललं तरी ते फक्त हसायचे.

ज्ञानदेव दारात येऊन उभा राहिला. "कशाला आलात? लिहून टाका ना. तुमची जर्मनी अडलीय माझ्यापायी."

"तुम्हाला शिट्टी ऐकू येते?"

"काय?"

"स्वतःला. आत्ता. रात्री उशीला कान लावल्यावर. कधीही."

त्यानं उजव्या कानाला हात लावला. "नाही. पण आप्पांनाही सुरुवातीला..."

"त्यांना ऐकू यायची. बाहेर कुणाला यायची नाही. बरोबर?"

"व्हय," कुशाबाई मधेच म्हणाली. "मी कितीदा कान लावला, मला काय बी येत नव्हतं. मी म्हनायची, सोंग करतोय मेला."

"तुमचं उलट आहे. तुम्हाला येत नाही, आणि यंत्राला येतो." मी ओट्यावरच बसले आणि एका दमात बोलत सुटले. "कानाच्या आत, गोगलगायीच्या शंखासारख्या भागात, केसाळ पेशी असतात. मंद आवाज आला की त्या त्याला बळ देतात. काहींच्या कानात त्या इतक्या तरतरीत असतात, की बाहेर आवाज नसला तरी आपल्या आपणच एक सूर धरतात. बऱ्याच जणांत असतं हे, पण दुसऱ्याला ऐकू जाण्याइतकं फार क्वचित. हातोड्यानं त्याच पेशी मरतात. मेलेला कान असा गात नाही, ज्ञानदेव. गाऊच शकत नाही."

कुशाबाईचे हात शेंगांवर थांबले होते. "म्हंजी पोरगं ठीक हाय?"

"तपासून घेऊ. मी घेऊन जाते. त्याआधी मी एक अक्षरही लिहिणार नाही."

"आणि सोमवार?" त्यानं विचारलं. "मी आलोच नाही तर?"

"तर खोली नापास."

"एवढ्यासाठी शिकलात ना तुम्ही?"

"हो."

  तो आत गेला आणि चपला घालून आला.  किल्लीसाठी हात पुढे करून तो म्हणाला, "स्कूटर मी चालवतो."

चिंचवडला त्या काचेच्या पेटीत तो कानांवर हेडफोन लावून बसला. आवाज ऐकू आला की हात वर करायचा. मी बाहेरून बघत होते. डॉक्टरीणबाई आवाज कमी करत गेल्या, आणखी कमी, आणखी... आणि प्रत्येक वेळी त्याचा हात वर जात होता. शेवटी त्यांनीच मान हलवली. "हा मुलगा भिंतीपलीकडचं ऐकेल. प्रेसवर मात्र परत पाठवू नका. असा कान जपायला हवा."

त्यानं पेटीतून माझ्याकडे पाहिलं आणि, त्या दिवशी पहिल्यांदाच, मान डावीकडे कलवली.

*

शनिवारी मी लिहिलं: उगम, जोडीदाराचा उजवा कान, कान निरोगी, खोलीचा दोष नाही. डॉक्टरांचा कागद जोडला. उद्धवरावांनी त्याची नोकरी कायम ठेवली, एका अटीवर. मोजताना तो आत बसणार नाही. बाहेरची यंत्रं सांभाळेल.

"बरोबर आहे," ज्ञानदेव म्हणाला. "मी आत असलो की खोली मरत नाही."

सोमवारी तपासनीस आले. पाटीकडे बघून हसले. आता आमच्याकडे असं म्हणत नाहीत, ते जर्मनमध्ये म्हणाले, परावर्तन कमी असलेली खोली म्हणतात. अगदी मेलेली खोली कुठंच नसते. मला सगळं समजलं. उत्तरही देता आलं.

मग मी आत गेले. मुंडीच्या डावीकडे उद्धवराव बसले. दार लागलं. दिवे गेले.

डोळ्यांसमोर पडद्यावर आलेख उमटला. सपाट. डावा कान, उजवा कान, सगळीकडे सपाट. कित्येक महिने मी याच रेषेची वाट बघितली होती. काळोखात माझं रक्त सळसळत होतं, हृदय ठोके टाकत होतं, आणि त्यापलीकडे काहीही नव्हतं. काही म्हणजे काहीच. इतक्या दिवसांत त्या खोलीची मला पहिल्यांदा खरीखुरी भीती वाटली. इथून उठून कधी एकदा बाहेर जाते, असं झालं.

तपासनीसांनी हात मिळवला. उद्धवरावांनी पेढ्यांचं नाव काढलं. मी शेडच्या मागच्या दारातून बाहेर आले.

ज्ञानदेव भिंतीला टेकून उभा होता. समोरच्या रस्त्यावरून ट्रेलर जात होते. पलीकडच्या शेडमध्ये प्रेस धडाधड आदळत होती.

"कशी आली?" त्यानं ओरडून विचारलं.

"सपाट!"

"मग झालं की. जर्मनी पक्की."

"हो. जानेवारीत."

तो मान हलवत राहिला. "चांगलं झालं," म्हणाला. मग, "दोन वर्षं ना?"

"मला नाही आवडली ती रेषा."

"काय? ऐकू येत नाही."

"मला ती रेषा आवडली नाही!" मी त्याच्या अगदी जवळ जाऊन ओरडले. "तू नव्हतास तिच्यात."

प्रेस आदळली. त्यानं ऐकलं की नाही, मला कळेना. भिंतीपलीकडचं ऐकणारा कान, आणि माझं एवढं एक वाक्य...

"पुन्हा म्हण," तो म्हणाला. "स्वरूपा, पुन्हा म्हण."

"ऐकलंयस तू."

"ऐकलंय. तरी म्हण."

मी म्हटलं नाही. टाचा उंचावून माझा कान त्याच्या उजव्या कानाला लावला. ट्रेलरचा हॉर्न वाजत होता, पत्रा थरथरत होता, कुणीतरी कुणाला तरी चहासाठी हाक मारत होतं. त्या सगळ्या गोंगाटात मला तो सूर ऐकू येणं शक्यच नव्हतं. आलाही नाही.

मी तरी कान काढला नाही. त्यानंही मान हलवली नाही.